मागून बघणाऱ्यांचा टायर

मोटरसायकलचा मागचा टायर चालवणाऱ्याला दिसतच नाही. तरी तो किती जाड असावा हे ठरतं मागून बघणाऱ्यांसाठी. जळगावात टायरच्या दुकानासमोर स्पोर्ट्स बाइक उभी केली की चहाचे ग्लास हातात घेऊन तीन सल्लागार हजर. तिघांत मिळून एक सायकल असते, पण सल्ला एकमतानं मिळतो: "जाड टाक ना भो!"

मी जाड टायरच्या विरोधात नाही. मी मापाच्या बाजूनं आहे, आणि ही बाजू घेणारा त्या दुकानासमोर एकटाच पडतो.

टायरच्या अंगावर १४०/७०-१७ लिहिलेलं असतं. १४० ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० ही उंची, पण मिलिमीटर नव्हे, रुंदीचे टक्के. निम्मे लोक इथेच घसरतात. म्हणजे बाजूची भिंत ९८ मिमी. १७ हे रिमचे इंच, म्हणजे ४३१.८ मिमी. वरची-खालची भिंत धरून व्यास झाला ६२७.८. आता सल्लागारांचा लाडका १५०/६०-१७ घ्या. भिंत ९०, व्यास ६११.८. जादा पैसे मोजून आणलेला 'मोठा' टायर १६ मिमी बुटका निघाला! गाडी मागून आठ मिमी बसते, चाकाच्या एका फेऱ्यात पाच सेंटिमीटर कमी चालते, आणि त्याच वेगाला इंजिन अडीच टक्के जास्त फिरतं. त्यामुळे पिकअप किंचित चपळ लागतो आणि मालक गावभर सांगतो, टायर बदलल्यापासून पॉवर वाढली. ज्या गाडीचा वेग मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्समधून मोजला जातो, तिचा मीटरही या थापेत सामील होतो.

पण खरा मालक रिम. तिच्यावरचा चिखल पुसला की '१७ x एमटी ३.५०' असा ठसा सापडतो. साडेतीन इंच ही रिमची आतली रुंदी. त्यावर १३०/७० मजेत बसतो, १४०/७० बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात चालतो. १५०/६० ला मात्र चार-सव्वाचार इंच हवेत, १६०/६० ला साडेचार. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगतो. मग धुळे-जळगाव सरळ रस्त्यावर फक्त मधली पट्टी घासते आणि लवकर सपाट होते. उलट चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी वळणात एकदम कलंडल्यासारखी आत पडते. वर मौज अशी की रिम अर्धा इंच अरुंद असली की टायर साधारण पाच मिमीनं आवळतो, आणि इथे सव्वाचारऐवजी साडेतीन, म्हणजे पाऊण इंच कमी. पैसे १५० चे, पदरात पडतात १४३!

"यामाहा आर-१५ चा टायर कंपनीनंच वाढवला ना?" हा युक्तिवाद ठरलेला. वाढवला. २००८ मध्ये १००/८०-१७ होता, २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत १३०/७०-१७ झाला. पण तेव्हा चाकं बदलली होती आणि मागचं चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्मही. नुसता टायर वाढवणं म्हणजे माणूस तोच ठेवून त्याला दोन नंबर मोठे बूट घालणं.

मग फट. १४० चा १६० केला की दोन्ही बाजूंना दहा-दहा मिमी जातात. एकीकडे चेन, दुसरीकडे स्विंगआर्म. चाक स्टँडवर हातानं फिरवून सगळीकडे करंगळी सहज जाते का ते पाहावं, आणि चेनचा अ‍ॅडजस्टर सगळ्यात पुढे असतानाही पाहावं, कारण नवी चेन टाकली की चाक पुढे सरकतं. करंगळीचा हिशेबही डांबरी रस्त्यापुरता. पावसाळ्यात रावेर-यावलकडे केळीच्या बागेच्या रस्त्याला गाडी घातली की आपली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा गिलावा करते की चाक फिरायचं थांबतं.

भरताचं वांगं घेताना आपण काय काय बघतो! आकाराच्या मानानं हलकं आहे ना, देठ ताजा आहे ना. टायरची तारीख मात्र कुणी वाचत नाही. लंबगोलात चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मापाच्या शेजारी '६६एच' असेल तर टायर पेलतो ३०० किलो वजन (६६) आणि ताशी २१० किमी वेग (एच). 'एस' असेल तर १८०. मूळ टायरपेक्षा कमी वेगाचं अक्षर घेऊ नये. कंपनीनंच तशी जोडी दिली नसेल, तर पुढे साधा (आत तिरपे धागे) आणि मागे रेडियल (आत आडवे धागे) असा संसारही मांडू नये.

हवा पहाटे, गाडी थंड असताना मोजायची. मे महिन्यात भुसावळला दुपारी मोजली तर प्रेशर जास्तच दिसणार. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय चढतो. ती 'जादा' हवा सोडली की सकाळी टायर कमी हवेचा. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट आहे.

टायर चढला की भिंतीवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना, हे पैसे देण्याआधी बघावं. नव्या रबराचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले दीडशे किलोमीटर वळणं जपून घ्यावीत. एवढं सगळं करून, कंपनीच्याच मापाचा टायर बसवून गाडी सुरू केली, की पहिला सल्लागार ग्लास खाली ठेवतो, चाकाकडे बारकाईनं बघतो आणि म्हणतो, "पाह्यलं? जाड टाकला तर कसा शोभतो! आता पुढचा बी जाड टाक ना भो."