‘मायक्रोपॅपिलरी’ वाचून उपचार सोडू नका

फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. म्हणे, बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘लेपिडिक’ लिहिलं असेल तर गाठ निरुपद्रवी, ऑपरेशन नको. ‘सॉलिड’ किंवा ‘मायक्रोपॅपिलरी’ असेल तर उपचारावर पैसे घालवू नका, केमोचाही उपयोग नाही. यात खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ आहे की घाबरलेल्या कुटुंबाला ते सहज पटतं.

मुळात हे शब्द म्हणजे गाठीतल्या पेशींच्या मांडणीची, रचनांची नावं, आणि तीही अ‍ॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारापुरती. स्मॉल सेल किंवा स्क्वॅमस कॅन्सरच्या रुग्णाला ते लागूच नाहीत.

बायोप्सीवरून सगळं कळतं, हे तर साफ चूक. सुईने निघतो तो दोऱ्याएवढा तुकडा आणि बहुतेक गाठींमध्ये तीन-चार रचना एकत्र नांदतात. खरा हिशोब ऑपरेशननंतर होतो. काढलेल्या गाठीच्या स्लाइड बघून पॅथॉलॉजिस्ट प्रत्येक रचना 5-5 टक्क्यांच्या टप्प्याने नोंदवतो. 2020 मध्ये मांडलेल्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीत सॉलिड, मायक्रोपॅपिलरी यांसारख्या आक्रमक रचना मिळून 20 टक्के किंवा जास्त भरल्या, की गाठ ग्रेड 3, म्हणजे सगळ्यात आक्रमक. म्हणजे 75 टक्के असिनार (ग्रंथींसारखी रचना) आणि 25 टक्के मायक्रोपॅपिलरी असलेली गाठ ग्रेड 3 ठरते, पण मायक्रोपॅपिलरी 10 टक्केच असेल तर ग्रेड 2. सुईच्या तुकड्यात यातलं नेमकं काय येईल, याचा नेम नाही.

आता लेपिडिक. यात पेशी वायुकोशांच्या मूळ भिंतींवरून पसरतात, भिंती मोडत नाहीत. गाठ 3 सेंटीमीटरपर्यंतची, पूर्ण लेपिडिक किंवा आत घुसलेला भाग 5 मिलिमीटरपर्यंतच असेल, तर पाच वर्षांनंतर रोग न उलटण्याचं प्रमाण जवळपास 100 टक्के. पण हा आकडा गाठ पूर्ण काढलेल्या रुग्णांचा आहे! ऑपरेशनचं यश दाखवून ऑपरेशनच नको म्हणायचं, हा या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. काही लहान, धूसर डागांवर सीटी काढून नुसतं लक्ष ठेवलं जातं, हे खरं. पण तो निर्णय डागाचा आकार, त्यातला घट्ट भाग आणि वाढ बघून डॉक्टर घेतात.

मायक्रोपॅपिलरीत पेशींचे बारीक झुबके वायुकोशांच्या पोकळीत सुटे दिसतात, त्यांना आतून रक्तवाहिनीचा आधार नसतो. लिम्फ नोडमध्ये पसरण्याचा, रोग उलटण्याचा धोका इथे जास्त, हे मान्य. म्हणून उपचार सोडायचे? उलट जास्त नेटाने करायचे. ऑपरेशननंतरच्या केमोच्या जुन्या चाचण्यांमधल्या स्लाइड एकत्र तपासून 2015 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. रोग न उलटण्याच्या दृष्टीने केमोचा फायदा त्यात सॉलिड आणि मायक्रोपॅपिलरी गटातच ठळक दिसला, म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट. शिवाय स्टेजचं वजन रचनेपेक्षा मोठं. पहिल्या स्टेजला पूर्ण निघालेली ग्रेड 3 गाठ असलेले कितीतरी रुग्ण बरे होतात.

औषधांचं चित्रही बदललंय. एका चाचणीत गाठीच्या ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या, 1बी ते 3ए स्टेजच्या रुग्णांना ऑपरेशननंतर त्याच बदलावर नेम धरणारी ओसिमर्टिनिब ही गोळी दिली, तेव्हा पाच वर्षांनी 88 टक्के जिवंत होते. प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या गटात 78 टक्के. त्या चाचणीत कुणालाही रचना बघून घेतलं किंवा वगळलं नव्हतं.

आपल्याकडे बरेच रुग्ण आधी टीबीची औषधं घेऊन उशिरा पोचतात, तोवर रोग चौथ्या स्टेजला गेलेला असतो. तिथे रचनेपेक्षा ईजीएफआर, एएलके, आरओएस1 ही जनुकं आणि पीडी-एल1 हे प्रथिन यांच्या तपासण्यांवर उपचार ठरतात, आणि त्या बहुधा बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होतात. म्हणून सेकंड ओपिनियनला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या आणि जपून ठेवा.