खापर केवळ खाण्यावर नको

पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) विकार, यावरील तुमच्या लेखात त्याचे खापर जवळजवळ पूर्णपणे मुलींच्या बाहेरच्या खाण्यावर फोडले आहे, ते मला पटत नाही. आईला किंवा बहिणीला हा त्रास असल्यास मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. शिवाय शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनासे झाले, की रक्तात वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरके) तयार करायला लावते आणि त्यातून पाळी लांबणे, मुरुमे, चेहऱ्यावर केस येणे हे सारे उद्भवते. वजन वाढल्याने हे चक्र बळावते खरे, पण सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. आमच्या नाशिकमध्ये दिवसभर क्लासला बसून राहणाऱ्या मुलींना व्यायामाला वेळ मिळायलाच हवा; मात्र पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, हेही पालकांना सांगायला हवे होते.