बारक्याचं पहिलं कार्ड

आयर्विन पुलाच्या अलीकडं आमचा चहाचा गाडा. काल तिथं भडंगाचा कागद मधे ठेवून तासभर जुंपली ती बारक्यावरून. दाजींचा पोरगा, कुपवाड एमआयडीसीत लागून आठ महिने झालेत. पहिलं क्रेडिट कार्ड घ्यायचं म्हणून मोबाईलवर हॉटेलवालं कार्ड उघडूनच आला होता.

"मामा, वर्षाला एक रात्र फुकट हाय बघा."

बापू लगेच त्याच्या बाजूनं. "घे की मर्दा, इचारतोस काय!" बापू औषध कंपनीत आहे, महिन्यातल्या दहा रात्री सांगलीबाहेर. त्याच्याकडं मॅरियट बॉनव्हॉयचं, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या पॉइंट योजनेचं, एचडीएफसी बँकेचं कार्ड आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ते आलं तेव्हा वर्षाची फी ३,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. बदल्यात, ज्या खोलीचा भाव त्या योजनेत १५,००० पॉइंटांपर्यंत आहे, तिथं एक रात्र. बापूनं बायकोला गोव्याला नेलं, त्या खोलीचं भाडंच फीच्या दुप्पट होतं. त्याचा हिशोब चोख आहे, मी तो मानतो. बिलही तो दर महिन्याला पूर्ण भरतो.

पण बारक्या कुठं जातो? वर्षातून एकदा पुण्याला, तेही मावशीकडं. ती फुकटची रात्र वापरायची म्हणून हा गाडीखर्च करणार, जेवण हॉटेलातच घेणार, आणि मुदत संपत आली की उगाच पळत सुटणार. शिवाय त्याच्या नावावर आजवर एक रुपयाचं कर्ज नाही. असल्याला हे कार्ड सहसा मिळत नाही, आणि अर्ज फेटाळला तरी बँकेनं केलेली चौकशी क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे कर्ज-उधारीच्या नोंदीत, राहते.

"एफडीवरचं कार्ड घे," मी म्हणालो. "बँकेत वीस हजाराची एफडी कर, त्यावर कार्ड मिळतं. एफडीचं व्याज चालूच राहतं."

"स्वतःचेच पैसे ठेवून उधारी? हे कसलं कार्ड लका!" बापू म्हणाला.

इथं मी अडून बसलो, कारण हे माझ्यावर बेतलंय. घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. सिबिल ही कंपनी कर्जफेडीची नोंद बघून स्कोअर देते, तो ३०० ते ९०० मध्ये असतो. माझ्या नावापुढं होतं उणे एक. म्हणजे नोंदच नाही. कुणाचा रुपया बुडवला नाही, उधारी केली नाही, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी कागद परत घेऊन आलो, आणि घरी बायकोला काय सांगायचं ते बराच वेळ सुचेना.

अण्णा पेपर वाचणारा माणूस. त्यानं बरोबर मुद्दा काढला. "आता तसं नाही चालत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारनं सांगितलंय, पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला नुसती आधीच्या कर्जाची हिस्टरी नाही म्हणून नाकारायचं नाही."

खरं आहे, आणि चांगलंच झालं. पण नाकारायचं नाही म्हणजे सगळ्यांना एकाच दरानं द्यायचं, असं नव्हे. कित्येक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर बघून ठरवतात. वीस वर्षांच्या हप्त्यात अर्धा टक्का म्हणजे किती, ते दाजींना विचारा.

दाजी तोवर गप्प होते. म्हणाले, "ह्याच्या आईनं अठरा वर्षांत भिशीचा एक हप्ता चुकवला नाही. त्याचा स्कोअर कुठं हाय?"

कुणाकडंच उत्तर नव्हतं. गल्लीतल्या बारा बायका तिच्या शब्दावर पैसे देतात, पण ती वही सिबिलपर्यंत जात नाही. कार्डाची नोंद मात्र जाते. १ जानेवारी २०२५ पासून तर बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवणं बंधनकारक झालं. साधारण सहा महिने नीट भरलं की स्कोअर दिसायला लागतो.

"आणि चुकलं तर तेही जातं," बापू म्हणाला. बरोबरच आहे. म्हणून मी बारक्याला कागदावर मांडून दाखवलं. बिल वीस हजार, 'किमान देय' हजार रुपये. हजार भरून गप्प बसलास, तर उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरलं तरी ६६५ रुपये व्याज, वर त्यावर जीएसटी. शिवाय पुढच्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. सगळं बिल फिटेपर्यंत बिनव्याजी दिवस गेलेच. त्यामुळं कार्डावर फक्त पेट्रोल आणि रिचार्ज, वीस हजाराच्या लिमिटात सहा हजाराच्या आत, आणि ऑटोपे 'एकूण देय' वर.

"वर्षभरानं माझं कार्ड घेईल तो," बापू म्हणाला. घेऊ दे. फिरायला लागला, फी वसूल होत असली, तर मीच सांगेन घे म्हणून.

पैसे पतसंस्थेत आहेत, त्या पावतीवर चालेल का, असं दाजींनी विचारलं. नाही चालत, कार्ड देणाऱ्या बँकेतच, आणि बारक्याच्याच नावावर एफडी लागते. मग दाजींनी तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून बारक्याच्या आईनं एवढंच विचारलं, "अडीनडीला मोडता येईल का ती?"

येते. आधी सगळं बिल फेडायचं, कार्ड बंद करायचं, बँक एफडीवरचा बोजा काढते, मग पैसे हातात.

"मग सोमवारी जा म्हणावं," बारक्याची आई म्हणाली.