मामा, त्या दोघांना जाऊ द्या

आमच्या बेळगावच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चघळला जातोय. माझा मामेभाऊ आणि त्याची बायको बंगळूरच्या नोकऱ्या सोडून काही महिने गोव्यातल्या हॉस्टेलांत राहणार आहेत. भाडं द्यायचं नाही, त्या बदल्यात रोज चार-पाच तास काम करायचं: खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायच्या, कधी काउंटरवर बसायचं. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. मामा म्हणतात, "एवढं शिकवलं ते लोकांचे संडास धुवायला काय?" धाकट्या मामीचं म्हणणं, "त्याला काय ते करू दे, सुनेला कशाला लावतोय?" आणि भाचरं उलट्या बाजूनं ओरडतायत: आक्का-दाजींनी न्यूझीलंडमध्ये हेच केलं, फुकटात अख्खा साउथ आयलंड फिरले.

ती आक्का मी. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी फुकटवाल्यांशी बोलते. आम्ही दोघं क्राइस्टचर्चला राहतो, रेसिडेन्सी आहे, म्हणून आम्हाला ते काम करता आलं. टुरिस्ट व्हिसावर येऊन हे करता येत नाही. राहायची जागा किंवा जेवण घेऊन केलेलं काम इथलं इमिग्रेशन कामच धरतं, हातात एक डॉलर पडला नाही तरी. कामाच्या बदल्यात राहायला देणारे होस्ट जिथं सापडतात त्या वर्कअवेसारख्या साइटवर होस्ट मिळतो, व्हिसा सापडत नाही, हे भाचरांनी आधी डोक्यात घ्यावं. आता हिशेब बघा. एप्रिल 2025 मध्ये इथं किमान वेतन तासाला 23.50 डॉलर झालं होतं, तोच दर धरू. दोघांचे आठवड्याला वीस-वीस तास धरले तर 940 डॉलरचं काम होतं. बदल्यात मिळते एक डबल बेडची खोली. ती रोज शंभर डॉलरला पडते असं धरलं तरी आठवड्याचे सातशेच होतात. उरलेले 240 मालकाच्या खिशात राहिले. हॉस्टेलवाले जोडप्यांना आनंदानं घेतात ते याचसाठी: राबणारी माणसं दोन, पलंग एक. याला फुकट म्हणणाऱ्यानं कधी फिटेड शीट बंक बेडला घातलेली नाही.

ते काम कसं असतं ते सांगते. आमचं हॉस्टेल साउथ आयलंडमधल्या 'ते आनाउ' नावाच्या गावात होतं. तिथं दहाला चेकआउट. मिलफर्डची बस पकडणारे पहाटेच गेलेले असतात, केप्लर ट्रॅकवर चालून आलेले बूट वाळवत रेंगाळतात. मग आमचं सुरू व्हायचं. वरच्या बंकवर एकट्यानं शीट घालायला गेलं की डोकं छताला लागतं आणि एक कोपरा बसवेपर्यंत दुसरा सुटतो. आम्ही दोघं असल्यामुळे नवरा शिडीवर गुडघे टेकून पलीकडचे कोपरे बसवायचा, मी खालून गादी उचलून धरायची. मळकी उशीची खोळ तो खाली टाकायचा, धुतलेली मी वर द्यायची. त्यानंतर शॉवरच्या जाळीतले केस, ड्रायरच्या गाळणीतला लिंट, फ्रिजमधल्या तारखा उलटलेल्या पिशव्या. कोण काय करणार हे पहिल्या आठवड्यात बोलून ठरवावं लागलं, नंतर बोलावं लागलं नाही. आमच्या संसारात घर आवरणं हे दोघांचं काम खऱ्या अर्थानं तिथून झालं. क्राइस्टचर्चच्या घरात तो 'मदत' करायचा. ते आनाउत त्याच्या नावापुढं तास लिहिलेले होते.

म्हणून मामीचं "सुनेला कशाला" मला जास्त लागलं. मामी, तुम्ही रोपलावणीला चिखलात कमरेत वाकून उभ्या राहता, घरी येऊन भाकऱ्या थापता, भांगलणीला पैऱ्यानं दुसरीच्या शेतात जाता, मग ती तुमच्या शेतात येते. पैशाशिवाय कामाला काम हे आपल्या येळ्ळूर गावच्या शिवाराला नवीन आहे का? आपल्या बासमतीच्या वासाचं कौतुक सगळे करतात, ते भात लावणाऱ्या हातांचा हिशेब कुणी लिहून ठेवलाय? निदान माझ्या भावजयीचे तास कुठंतरी कागदावर येतील.

आणि गोव्यात हॉटेलात काम करणं लाजिरवाणं असेल, तर चोर्ल्याच्या घाटानं रोज जाणाऱ्या गाड्यांत कोण बसलेलं असतं? खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं तिकडं खोल्या झाडतात, भांडी घासतात, सणाला घरी पैसे आणतात. त्यांच्याबद्दल कुणी ग्रुपवर लिहिलं नाही. त्यांना गरज आहे म्हणून ते चालतं. गरज नसताना, शिकलेल्यानं, आपण होऊन ब्रश हातात घेतला की घरात सुतक येतं. कारण संडास धुणं हे काम आपल्याकडं जातीनं वाटून दिलेलं आहे, आणि मामांना त्रास होतोय तो त्याचाच. मी हे स्पष्ट लिहितेय, कारण ग्रुपवर सगळे 'स्टेटस' म्हणतायत. इथं आमचा मालक, तीन इमारतींचा धनी, कचऱ्याच्या व्हीली बिन्स स्वतः रस्त्यावर ओढायचा. गटार तुंबलं तेव्हा हातमोजे घालून पहिला तोच उतरला.

याच ग्रुपवर दुकानांच्या पाट्यांवरच्या भाषेचा वाद मात्र रात्री दोनपर्यंत चालतो. 2024 पासून कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा झाला, तेव्हा गणपत गल्लीतल्या प्रत्येक दुकानाचा फोटो मला क्राइस्टचर्चला बसून बघायला मिळाला. मामा 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, काळी फीत लावून सायकल फेरीत जातात, आजोबाही जायचे. सर्वोच्च न्यायालयात सीमावादाचा दावा 2004 पासून पडून आहे. मान कशाला म्हणतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं मामा नेहमी म्हणतात. मग तो सगळा मान पाटीवरच का खर्च होतो? घरातली सून दिवसभर राबते तिथं तो का पोचत नाही? इथं डोंगराचं नाव आओराकी / माउंट कुक असं इथल्या मूळ लोकांच्या माओरीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत लिहिलं जातं, 1998 पासून कायद्यानं, आणि त्यामुळं कुणाचा जीव गेला नाही.

हे लिहून झालं आणि मला 2023 आठवलं. रस्त्यांच्या पाट्या इंग्रजी आणि माओरी अशा दोन भाषांत कराव्यात यावरून इथं निवडणुकीच्या वर्षात मोठा गदारोळ झाला होता. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ऑकलंडचे एक वयस्कर पाहुणे टोस्टला बटर लावत म्हणाले, सगळ्यांना कळणारी एक भाषा असताना दुसरी कशाला, गोंधळ होतो. माझे कान तापले. हेच वाक्य मी बेळगावच्या सरकारी कचेऱ्यांत आईबरोबर उभी राहून ऐकलंय, फक्त तिथं कळणारी भाषा दुसरी होती. 2014 च्या जुलैत 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक हटवला आणि गावात लाठ्या पडल्या, तेव्हा मी मामांच्याच बाजूची होते, आजही आहे. ते आनाउत कुणी गाव विचारलं की मी बेळगाव म्हणते, आणि पुढं राज्य कुठलं सांगायचं इथं माझी जीभ अजून अडते. नवरा सांगलीचा, त्याची कधी अडत नाही. म्हणून मामा, पाट्यांचा राग सोडा असं मी म्हणत नाही. तो राग मीही विमानात घालून इथवर आणलाय.

परवा फोनवर मामांनी मला सरळ विचारलं, "एवढं बोलतीस, बेळगावात एखाद्या लॉजवर येऊन हे काम करशील काय गे?"

नाही करणार. मामांना तेव्हा उत्तर दिलं नाही, इथं देते. ते आनाउत मी कुणाची लेक, कुणाची सून, कुठल्या गल्लीतली, हे विचारणारं कुणी नव्हतं. तिथं ब्रश हातात घ्यायला मला धैर्य लागलंच नाही. शहापूरच्या नाक्यावर ओळखीच्या काकी दिसल्या की आजही मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं करते. ज्या गावासाठी मी इथं पाहुण्याशी मनात भांडते, त्याच गावाच्या नजरेपासून लांब असल्यामुळं मी मोकळी आहे, आणि या दोन्ही गोष्टी माझ्यात एकदमच नांदतात. त्यातली एक काढून टाकायला मला जमलेलं नाही.

माझा भाऊ मात्र गोव्याला निघालाय. घरापासून काही तासांच्या अंतरावर, जिथं शनिवार-रविवारी बेळगावच्या गाड्यांची रांग लागते. एखाद्या सकाळी त्याला आपल्याच गल्लीतल्या माणसाची चादर बदलावी लागेल, त्याच्या बायकोला कुणीतरी नावानं ओळखेल. हे त्या दोघांना माहीत आहे, तरी निघालेत. मी जे इतक्या लांब येऊन केलं ते ती दोघं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करणार आहेत. माझं उदाहरण त्यांना देऊ नका, भाचरांनो. त्यांना त्याची गरज नाही.

त्याला फोनवर सांगितलंय ते इथंही लिहिते, म्हणजे मामीलाही कळेल. कामाचे तास आधी मेसेजवर लिहून घ्या, दोघांचे वेगवेगळे. खोली स्वतंत्र मागा, आठ जणांच्या डॉर्ममध्ये दोन खाटा मिळतील असं म्हणाले तर पुढचं हॉस्टेल बघा. सुट्टी दोघांना एकाच दिवशी हवी, नाहीतर एकत्र गेलात कशाला? एक आजारी पडला तर त्याचे तास दुसऱ्यानं भरायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच बोला. आणि तू काउंटरवर, ती स्वयंपाकघरात अशी वाटणी कुणी केली, तर पहिल्याच आठवड्यात ती उलटी करून घे.