दार लावून घेतल्यानं पोरगं सुधारत नाही

गल्लीच्या ग्रुपवर, मग भावकीच्या, मग ऑफिसच्या, असा तो मेसेज महिनाभरात मला चार वेळा आला. 'पोरगं व्यसनी निघालं? पैसा बंद, जेवण बंद, बोलणं बंद. दार लावून घ्या. तळाला गेल्याशिवाय माणूस वर येत नाही. कोंडून घाला, तीन दिवसांत माज उतरतो. माया केली त्यांची पोरं हातची गेली.' यातलं जवळजवळ सगळं मी माझ्या पोरावर करून बसलोय, म्हणून एकेक घेतो.

कोंडण्यापासून सुरू करतो, कारण त्यात जीव जातो. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर त्याला घालून मी बाहेरनं कडी लावली. तेव्हा तो २४ वर्षांचा, सकाळी उठल्या उठल्या क्वार्टर लागायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं चहा नेला, तर कप बशीवर वाजायला लागला. दोन्ही हातांनी धरला तरी निम्मा चहा अंगावर. 'नाटकं आहेत, खाली ये तू,' मी जिन्यातनं ओरडलो. संध्याकाळी त्याला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. शेजाऱ्यांच्या गाडीतनं दवाखाना गाठला. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत माणूस बरळायला लागतो, नसलेलं दिसतं, आणि उपचार नसले तर दगावूही शकतो, हे मला तिथं कळलं. मेसेजातले तीन दिवस ते हेच. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधाच्या आधारानं.

माज म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारातच धरल्यात. आजाऱ्याला कडी लावत नाहीत.

आता तो तळ. माडीच्या आधी मी दारही लावून पाहिलं होतं. ते आठ दिवस पोरगं पंचगंगेच्या घाटावर झोपलं. तिथं त्याला जेवायला घालणारी माणसं भेटली, ती सगळी पिणारी. घरी परतला तो जास्त पिऊन, आणि माझ्याशी बोलायचा बंद होऊन. गर्दसारख्या नशेत तर आणखी वाईट होतं. काही आठवडे सुटली की शरीराची सवय मोडते, आणि मग कुठंतरी एकटं बसून जुन्याच मापानं घेतली की श्वास थांबतो. अशा पोराचा तळ गाठायची वाट कोण बघणार?

मायेबद्दल मात्र नीट बोलायला पाहिजे, कारण मेसेजात एक गोष्ट खरी आहे. रोख पैसे देऊ नयेत. त्याची उधारी आपण फेडू नये, 'ताप आलाय' म्हणून त्याच्या मालकाला खोटा फोन करू नये. हात उगारला तर ११२ ला फोन करावा. घरातल्या बायकांनी मार खाणं म्हणजे माया नव्हे. पण पैसा बंद आणि बोलणं बंद यात फार अंतर आहे. १९९९ साली अमेरिकेत मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी उपचार नाकारणाऱ्या दारुड्यांच्या १३० नातेवाइकांचे तीन गट करून प्रत्येक गटाला वेगळी पद्धत शिकवली. आपण अलिप्त राहायचं या पद्धतीत १३ टक्के पिणारे उपचाराला आले, सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्यात ३० टक्के. शुद्धीत असताना जवळ घेणं, प्यायल्यावर लांब राहणं आणि योग्य वेळ साधून उपचाराचं बोलणं, यात ६४ टक्के.

आमच्या घरात आता तेच चालतं. पिऊन आला तर ताट झाकलेलं असतं, पण त्या रात्री कुणी बोलत नाही. न पिता आला तर मी त्याच्याबरोबर गंगावेशीत दूध प्यायला जातो. तिथंच एकदा तो स्वतःहून म्हणाला, 'आबा, परत ॲडमिट होऊ का?' तिसरी खेप होती ती. सुटून पुन्हा लागणं या आजारात होतंच.

आणखी एक, मेसेजात नसलेलं. भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' असं लिहिलेलं असतं. ती पावडर मीही आणणार होतो. डायसल्फिराम नावाचं औषध कुणी असं गुपचूप आमटीत घातलं आणि वर पोरगं प्यालं, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं.

मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर १४४४६ हा नंबर पाठवा. केंद्र सरकारची मोफत नशामुक्ती हेल्पलाइन आहे. पोरगं तयार नसलं तरी फोन घरच्यांनी केलेला चालतो.