‘व्हीलचेअरवर बसला तो संपला’ म्हणे!

धुळ्याकडच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘व्हीलचेअरवर बसला तो परत उठत नाही. आजार शरीराला असतो, मनाला नाही. सुधा चंद्रन जयपूर फूट लावून नाचल्या, तुम्हाला दोन पावलं जड? हार मानू नका, घरच्यांवर ओझं होऊ नका.’ खाली सूर्यफूल. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे आणि बाहेर जाताना मी व्हीलचेअर वापरते, म्हणून तो मला मुद्दाम वेगळाही पाठवला जातो.

‘परत उठत नाही’ यात थोडं तथ्य आहे. वापरले नाहीत तर स्नायू सुकतात, एकाच जागी बसून कातडीला जखमा होतात. त्यासाठी फिजिओथेरपी असते, चांगली गादी असते. पण घरात मी भिंत धरून चालतेच. धुळ्याच्या आग्रा रोडला खुर्चीतून उठून दुकानाची पायरी चढले की मागून येतं, ‘ही ते चालस!’ (ही तर चालते!) म्हणजे बसले तर संपले, उठले तर ढोंगी.

मनाचं म्हणाल, तर या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते आणि निरोप वाटेत अडतो. अंग जरा तापलं तरी अडथळा वाढतो. व्यायामानंतर अशा रुग्णांची नजर मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर. सकाळी अंगणात फिरलेली बाई दुपारी पलंगावरून उठू शकत नाही. तेवढ्यात तिची इच्छाशक्ती कोणी चोरली?

सुधा चंद्रन यांच्याबद्दल आदरच आहे. पण अपघातात गेलेला पाय गेला, पुढची झुंज त्या एका नुकसानाशी. आमचं तसं नाही. काय गेलं आणि काय परत येईल, हेच कळत नाही. एका उन्हाळ्याशी जुळवून घ्यावं, तर आजाराच्या पुढच्या अटॅकनंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ‘आता स्वीकारलं ना?’ या प्रश्नाला माझ्याकडे कायमचं उत्तर नाही.

आणि हार? खुर्ची आली त्या वर्षी कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या श्रावणातल्या उत्सवाला, मी गेलेच नाही. सगळी भाऊबंदकी जमणार, सगळे विचारणार. पुढच्या श्रावणात खुर्चीतून गेले. रात्रभर गाण्यांना बसले, प्रसादाचे रोट खाल्ले. चालत गेले असते तर पोचल्याबरोबर आडवं व्हायला कोपरा शोधला असता. तरी सकाळी पांझरा नदीवर देवीच्या विसर्जनाला बायका फुगड्या घालत पुढे निघाल्या तेव्हा रडू आलंच. जाऊबाई म्हणाल्या, ‘रड, मी ढकलते.’ मला हार दिसते ती न जाण्यात. रडण्यात नाही.

ज्यांना हा बहाणा वाटतो त्यांच्यासाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे.

राहिलं ओझं. पूर्वी बाजारात भाऊ मला दोन्ही हातांनी धरून चालायचा, पिशवी दातात धरायची तेवढी बाकी होती. आता सपाट रस्त्यावर चाकं मीच फिरवते आणि तो भाव करतो. ओझ्याची तक्रार एकट्या रिक्षावाल्याची. घडी केलेल्या खुर्चीचे तो दहा रुपये जास्त लावतो.