घरासमोरची जागा घरमालकाची असते का?

अनेक व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा की, घरासमोरच्या रस्त्यावरची जागा घरमालकाचीच असते, तिथे दुसऱ्याने गाडी लावायची नाही, मालकाने कुंड्या किंवा फलक ठेवून ती राखावी आणि तरीही कोणी फाटक अडवलेच, तर त्या गाडीच्या चाकांतली हवा सोडण्याचा त्याला अधिकार आहे. या संदेशात एका रास्त तक्रारीला खोट्या हक्काची जोड दिलेली आहे, म्हणूनच तो इतक्या लोकांना पटतो आणि भांडणेही वाढवतो. आपल्या फाटकातून विनाअडथळा ये-जा करता येणे हा रहिवाशाचा हक्क आहे. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर ताबा सांगण्याचा हक्क मात्र त्याला नाही.

मालकीच्या बाजूने पहिला युक्तिवाद घरपट्टीचा केला जातो. घरपट्टी आपल्या मिळकतीवर आकारली जाते आणि मिळकतीची हद्द जिथे संपते तिथे आपला ताबाही संपतो. कराच्या पैशांतून रस्ते होतात हे खरे, पण त्या न्यायाने रस्ता कर भरणाऱ्या सगळ्यांचाच ठरतो. दुसरा युक्तिवाद वहिवाटीचा: ‘आम्ही वर्षानुवर्षे इथेच गाडी लावत आलो आहोत.’ सार्वजनिक रस्त्याला ही वहिवाट लागू पडत नाही. कायदेशीर प्रक्रियेने बंद केल्याशिवाय सार्वजनिक रस्ता सार्वजनिकच राहतो, हे इंग्लिश कॉमन लॉमधले, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलेल्या कायद्यातले, जुने तत्त्व आहे. काही शहरांत रहिवाशांना पार्किंगचे परवाने मिळतात, पण तेही सहसा एखाद्या विभागात गाडी लावण्याचे असतात, ठरावीक घरासमोरच्या जागेचे नसतात. रस्ताच खासगी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जागेच्या मालकांनी ठरवलेले नियम पाळावे लागतात.

कुंड्या, दगड आणि दोऱ्या यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. त्या ठेवल्याने जागा राखीव होत नाही, उलट रस्त्यात अडथळा निर्माण होतो आणि अंधारात एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळला, तर ठेवणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ हा फलक मात्र जरूर असावा, कारण तो नवा हक्क न सांगता असलेल्या नियमाची आठवण करून देतो.

तो नियम सर्वमान्य म्हणावा असा आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 23 मध्ये, मिळकतींत वाहने जाण्याच्या प्रवेशमार्गासमोर गाडी लावण्यास मनाई आहे. ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे तिथल्या रस्ते वापराच्या नियमपुस्तिकेचा, नियम 243 हेच सांगतो आणि कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम 22500 देखील. इंग्लंडच्या 2004 च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्यात तर बारकाईने विचार केलेला दिसतो: घरात राहणाऱ्याच्या संमतीने त्याच्या प्रवेशमार्गासमोर गाडी उभी असेल तर सूट आहे, मात्र तो मार्ग दोन घरांत सामाईक असल्यास ही सूट मिळत नाही. एका शेजाऱ्याने परवानगी देऊन दुसऱ्याची वाट बंद करावी, हे तिथे चालत नाही आणि माझ्या मते कुठेच चालू नये.

या वादात ‘फाटक तर मोकळे आहे, गाडी बाजूला लावली आहे’ हे उत्तरही हमखास ऐकू येते. फाटकाच्या रुंदीइतकी जागा सोडली म्हणजे झाले, असे मानणाऱ्याने वळणारी मोटार एकदा नीट पाहावी. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने जातात, त्यामुळे पुढचा भाग सहज आत शिरला तरी मागचे दार फाटकाच्या खांबाला किंवा शेजारी उभ्या गाडीच्या बंपरला घासते. साध्या मोटारीलाही पूर्ण वळायला दहा-अकरा मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. अरुंद गल्लीत म्हणूनच समोरच्या कडेला लावलेली गाडीदेखील फाटक निरुपयोगी करू शकते. अशा गाडीबद्दल पुष्कळ ठिकाणचे नियम स्पष्ट बोलत नाहीत. तिथे शेजाऱ्याला घरी बोलावून, त्याच्यासमोर गाडी बाहेर काढून दाखवणे हा मला सर्वांत उपयोगी मार्ग वाटतो, कारण अडचण डोळ्यांनी दिसल्यावर निम्मा वाद तिथेच मिटतो.

हवा सोडण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. त्याने तक्रारदारच नुकसान करणारा ठरतो आणि जी गाडी चालकाने पाच मिनिटांत हलवली असती, ती चाके बसल्यामुळे फाटकासमोरच अडकून पडते. अडवणारी गाडी हलवण्याचा अधिकार कुणाला आहे, हे कायद्यात लिहिलेले असते. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नुसार मनाईच्या जागी लावलेली गाडी उचलून नेण्याची किंवा तिच्या चाकाला जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. घरमालकाचा त्यात उल्लेख नाही. त्याने करायचे ते एवढेच: गाडीचा क्रमांक आणि फाटक एकाच चौकटीत येतील असा फोटो काढावा, वेळ नोंदवावी, चालक सापडतो का ते पाहावे आणि न सापडल्यास वाहतूक पोलिसांना कळवावे. गाडी आत अडकली आहे आणि रुग्णाला न्यायचे आहे, असे असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे.